ओल्या बोटांचे वाचन

अमळनेरच्या दगडी दरवाजाच्या अलीकडे हिरामण बोरसे यांचे कापडाचे दुकान होते. होते असे म्हणावयाचे कारण की, अंगाचे माप घेऊन घरबसल्या कपडा विणून देणारी यंत्रे आली आणि तागे मोजणारा गज खुंटीलाच राहिला. हिरामण नानांनी त्याचा शोक केला नाही. ज्या काचेच्या कपाटांत एके काळी पॉपलीन आणि मांजरपाट नांदत होते, त्याच कपाटांत त्यांनी आपली पुस्तके आणून बसविली आणि दुकानाचे दार गिऱ्हाइकांसाठी लावून घेतले.

ही पुस्तके सामान्य नव्हती. कागदावर पुस्तक छापणे हीच गोष्ट तोवर जगातून जवळजवळ उठून गेली होती. जी उरली ती जुन्या बाजारात, रद्दीत आणि मयत माणसांच्या घरांत उरली. नानांनी उभ्या आयुष्यात त्यांतली वेचक गोळा केली. खिळे हाताने जुळवून छापलेली, पानाभोवती वेलबुट्टीची चौकट असलेली, पुठ्ठ्याच्या आत अबरीचा, म्हणजे ढगाळ नक्षीचा, रंगीत कागद डकवलेली, दोऱ्याने शिवलेली. बांधणीच्या कापडाचा पोत ते डोळे मिटून सांगत. मात्र वाचनाच्या बाबतीत त्यांचा हात आखडता होता. पुस्तक उघडायचे ते अर्धेच, म्हणजे त्याचा कणा दुखावत नाही. पान उलटायचे ते बांबूच्या पातळ पट्टीने. पाहुण्याने कपाटाकडे नुसते बोट केले तरी नाना मध्ये जाऊन उभे राहत.

त्यांच्या पत्नी सिंधूताई म्हणत, "आमच्या घरात पुस्तकं सोवळ्यात अन् माणसं ओवळ्यात."

या संग्रहातला सर्वांत देखणा वाटा होता दामोदर गुजराथी मास्तरांचा. मास्तर हे नानांचे परम मित्र. दोघांमध्ये एकाच गोष्टीवरून हयातभर वाद चालला. मास्तरांना बोट जिभेला लावून पान उलटण्याची सवय होती. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या खालच्या कोपऱ्यावर तपकिरी चंद्रकोर उमटलेली असे. "मास्तर, पुस्तक आहे ते, विड्याचं पान नाही," असे नाना म्हणत, आणि मास्तर हसून पुन्हा बोट ओले करीत. शेवटी शेवटी मास्तरांचे हात कापू लागले, बोलणे अडखळू लागले, माणसे ओळखू येईनाशी झाली. लोक म्हणाले, वय झाले. मरणाअगोदर त्यांनी सारी पुस्तके नानांच्या स्वाधीन केली होती. प्रत्येकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात नाव होते: दामोदर मगनलाल गुजराथी.

नानांना या नावाचा मोठा अभिमान वाटे. संग्राहकांच्या जगात पुस्तक कोणाच्या घरून आले याला फार किंमत असते. म्हणून त्यांनी प्रत्येक स्वाक्षरीचे छायाचित्र काढून संग्राहकांच्या संगणक-जाळ्यावरील प्रदर्शनात मांडले होते. जगभरातून वाहवा आली होती. तीच वाहवा वाट काढीत भलत्या ठिकाणी जाऊन पोहोचली.

एके दिवशी सकाळी 'वंशवेध' नावाच्या कंपनीचा अधिकारी दारात उभा राहिला. देवस्थळी त्याचे नाव. तरुण, गोरागोमटा, बोलण्यात अत्यंत सभ्य.

"नाना, आपल्याकडे दामोदर गुजराथींच्या नावाची पुस्तकं आहेत. पुढच्या सोमवारी ती आम्हाला तपासायची आहेत. ही नोटीस. घाबरू नका, पुस्तकाला ओरखडादेखील उठणार नाही."

"तपासायचं म्हणजे काय? वाचणार आहात का?"

"वाचणारच," देवस्थळी हसून म्हणाला. "फक्त अक्षरं नाही."

येथे या शोधाची थोडी उकल करणे अगत्याचे आहे. मनुष्य बोट जिभेला लावून पान उलटतो, तेव्हा थुंकीबरोबर गालाच्या आतल्या बाजूच्या सूक्ष्म पेशी कागदावर उतरतात. कागद म्हणजे वनस्पतीच्या तंतूंची वीण. त्या विणीत या पेशी अडकून वाळतात. पुस्तक मिटलेले राहिले, ऊन आणि ओल लागली नाही, की पेशींमधला आनुवंशिकतेचा धागा तुटका का होईना, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पूर्वी तो काढण्यासाठी कागद कापून कुटावा लागे. पुढे हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी एक पारदर्शक चकती शोधून काढली. ओलसर चकती कोपऱ्यावर ठेवली की पेशी तिला चिकटून वर येतात आणि कागद होता तसा राहतो. मग यंत्र ते तुकडे जोडून सांगते की वाचणारा कोणत्या वंशाचा होता आणि कोणता आजार त्याच्या रक्तात होता. शास्त्रज्ञांनी हे सद्‌हेतूने केले. परंतु शोध हा बैलासारखा असतो; जो जुंपील त्याचे शेत तो नांगरतो.

कायद्याने जिवंत माणसाचे रक्त, थुंकी, काहीही त्याच्या संमतीवाचून तपासता येत नव्हते. मेलेल्याची संमती मात्र कोणी विचारीत नव्हते, आणि ज्याने पुस्तक दुसऱ्याला दिले त्याने त्यावरील खुणाही सोडून दिल्या, असा अर्थ कायदेपंडितांनी लावला होता. विमा कंपन्या आणि मोठमोठे नोकरी देणारे यांना उमेदवाराच्या वंशाची माहिती हवी असे. वंशवेध ती मेलेल्यांकडून आणून देत असे.

"मग वाचनालयात जा ना," नाना म्हणाले. "तिथं कपाटंच्या कपाटं आहेत."

"वाचनालयाची पुस्तकं आम्हाला फुकट दिली तरी नकोत. हात फार. एका कोपऱ्यावर सात-आठ माणसांपर्यंत यंत्र एकेक निवडून वेगळं काढतं. त्यापुढे सगळा गाळ. आपल्यासारख्यांचं बरं असतं. एक मालक, एक वाचक, बंद कपाट." त्याने कपाटांकडे कौतुकाने पाहिले. "आणि हो, नोटीस लागल्यापासून पुस्तक धुणं, कापणं, जाळणं, लपवणं हा गुन्हा आहे. आपण तसं करणार नाही हे मला दिसतंच आहे."

तो गेल्यावर नानांना खरोखर वाईट वाटले नाही, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. पुस्तके परत येणार होती, जशीच्या तशी. एवढे त्यांना पुरेसे होते.

संध्याकाळी शलाका आली. ही मास्तरांची नात, लेकीची मुलगी. तिची आई ती लहान असतानाच मोटारीच्या अपघातात गेली होती. शलाकाने शिकून सवरून जलदगती रेल्वेची चालक होण्याची परीक्षा दिली होती, आणि साऱ्या खानदेशातून तिची एकटीची निवड झाली होती. ती आली ती चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसली.

"नाना, वंशवेधवाले येऊन गेले ना?"

"हो. तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच पत्र पाठवलं. रेल्वेच्या विमा कंपनीला माझा वंश पाहिजे. माझं रक्त मागता येत नाही, म्हणून आजोबांचं मागू राहिले." तिने कपाटांकडे पाहिले. "आजोबांचं ते वय नव्हतं, नाना. डॉक्टरांना तेव्हाच संशय होता. आईला सांगितलं होतं त्यांनी. तो आजार आईकडून नाहीतर बापाकडून लेकराला येतो. येतो किंवा नाही येत, नाणं उडवल्यासारखं. आईला होता का, ते कळायच्या आधीच ती गेली."

नाना तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "बेटा, तू तपासून का घेत नाहीस? नसला तर प्रश्नच मिटला."

"अन् असला तर?" शलाका म्हणाली. "वीस वर्षांनी हात कापणार हे आज ऐकायचं, अन् रोज सकाळी हात बघत उठायचं? मी ठरवलंय, मला माहीत करून घ्यायचं नाही. दर सहा महिन्यांनी रेल्वे माझे डोळे, हात, डोकं तपासणार आहे. हात कापायला लागला तर मी स्वतः उतरेन गाडीतून. पण जे मला कळायला नकोय, ते त्यांना का कळावं? अन् आजोबांनी पुस्तक वाचलं, एवढाच काय त्यांचा गुन्हा?"

जाता जाता ती म्हणाली, "त्यांना तुमचा पत्ता कुठून मिळाला, तेवढंच समजत नाही."

नानांना ते समजत होते. त्या रात्री त्यांनी प्रदर्शनातली सर्व छायाचित्रे काढून टाकली. वाहवा मात्र अजून तिथेच होती, खाली ओळीने.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले, पण भाकरीला हात लावला नाही. सिंधूताईंनी कळण्याची भाकरी केली होती, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून.

"कोपरे कापले तर तुरुंग," नाना म्हणाले. "धुतले तर तुरुंग. जाळायचा तर विचारही करवत नाही. काय करू?"

"अहो, जेवा. तो साहेब काय म्हणाला होता वाचनालयाचं?"

"हात फार म्हणून नको म्हणे. माणसं निवडता येत नाहीत."

सिंधूताईंनी त्यांच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्याच पुढे धरला. "ज्वारीत उडीद सांडला तर मी निवडून देईन. पण दळून कळणा झाल्यावर निवडून दाखव म्हणावं, कोण्या मायचा लाल निवडतो ते."

नाना त्या तुकड्याकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनी नोटीस आणली आणि चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचली. धुणे गुन्हा होता. कापणे गुन्हा होता. जाळणे, लपविणे, विकणे, सारे गुन्हे होते. वाचणे कोठेही लिहिलेले नव्हते. पुस्तक वाचले जाईल ही शक्यता कायदा करणाऱ्यांच्या मनातच आली नव्हती.

"तुझं म्हणणं मला कळलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "पण त्यात माझ्या पुस्तकांचं काय होईल, ते तुला कळलं का?"

"कळलं," सिंधूताई म्हणाल्या. "माणसं हात लावतील."

बुधवारी सकाळी दुकानाचे दार सताड उघडले गेले. बाहेर पाटी लागली: मास्तरांची पुस्तके सर्वांनी वाचावीत, बोट ओले करूनच पान उलटावे. गावाला प्रथम ती थट्टा वाटली. मग शलाकाने चौकात उभे राहून खरे कारण सांगितले, आणि गाव आले. घराघरात कोणी ना कोणी मेलेला होता, आणि प्रत्येकाने काही ना काही हाताळले होते. भजनी मंडळाच्या बाया आल्या, महाविद्यालयाची पोरे आली, बस स्थानकावरचे हमाल आले, मास्तरांचे टकले झालेले विद्यार्थी आले.

नानांनी दारात पाण्याची बादली ठेवली होती. "हात धुवा. चूळ मात्र भरू नका."

"नाना, आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हणालं की चूळ भरू नको," आत्माराम भदाणे म्हणाले. हे निवृत्त तलाठी, गालात तंबाखूची गोळी कायमची.

"तंबाखूवाल्यांनी नाही आलं तरी चालेल."

"का? आमच्या थुंकीत काय कमी आहे? उलट चार गुण जास्तच."

"आत्माराम, डाग पडेल रे."

"नाना, डाग पाडायलाच बोलावलं ना आम्हाला?"

आत्मारामांनी सोनेरी अक्षरांचे एक पुस्तक घेतले आणि बोट असे मनसोक्त ओले केले की नानांनी भिंतीकडे तोंड केले. चार दिवस ते असेच भिंतीकडे, छताकडे, रस्त्याकडे पाहत राहिले. शिवण सैल झालेली त्यांना आवाजावरून कळे. परंतु एक विलक्षण गोष्ट घडू लागली. नुसती पाने उलटायला आलेली माणसे मध्येच थांबत आणि वाचू लागत. एका हमालाने विहिरींवरील जुन्या पुस्तकातले पान मोठ्याने वाचले आणि दुसऱ्याशी भांडण काढले. भजनी मंडळाच्या एका बाई एक पाककृती पाठ करून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी ती चुकीची आहे असे सांगायला आल्या. कपाटांत इतके बोलणे दडलेले आहे, हे त्यांच्या मालकालाच ठाऊक नव्हते.

रविवारी शलाकाने विचारले, "नाना, आजोबांचं पक्ष्यांचं पुस्तक दिसत नाही?"

ते पुस्तक आतल्या कपाटात होते. हिरव्या रेशमी कापडाची बांधणी, प्रत्येक पक्ष्याचे रंगीत चित्र हाताने डकवलेले, आणि चित्रावर झिरझिरीत कागदाचा पडदा. तसे दुसरे कोठे असल्याचे नानांच्या ऐकिवात नव्हते.

"त्याला मास्तर फार जपायचे," नाना म्हणाले. "त्याला त्यांनी बोट लावलेलं नाही."

सिंधूताईंनी एकदाच त्यांच्याकडे पाहिले आणि केर काढू लागल्या. शलाकाने पुढे काही विचारले नाही. नानांनीही त्या पुस्तकाचे कोपरे उघडून पाहिले नाहीत. उघडले असते तर माहीत झाले असते.

सोमवारी देवस्थळी यंत्र घेऊन आला, तेव्हा दुकानात माणसे मावत नव्हती. त्याने एक पुस्तक उघडले, कोपऱ्यावर चकती लावली, काढली, यंत्रात सरकविली. पडद्यावर रेघांचा गुंता उमटला. दुसरे पुस्तक, तिसरे. त्याची सभ्यता किंचित आखडली.

"हे काय केलंत आपण?"

"वाचली," नाना म्हणाले.

"पुरावा नष्ट केलात."

"एक पान कमी नाही. मोजून घ्या. उलट माणसं वाढली आहेत."

लोक हसले. देवस्थळी हसला नाही. त्याने आपल्याजवळच्या छायाचित्रांवर नजर टाकली आणि शांतपणे म्हणाला, "यातलं एक कमी आहे. पक्ष्यांचं. हिरवी बांधणी."

नाना आतल्या कपाटापाशी गेले. हिरवे पुस्तक हातात घेतल्यावर त्यांनी प्रथमच त्याचा कोपरा नीट पाहिला. चंद्रकोर होती. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, स्वच्छ, एकाच माणसाची. मास्तरांनी हे पुस्तक इतर कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक वेळा वाचले होते.

देवस्थळीने हात पुढे केला. "द्या. अर्ध्या तासात परत देतो, जसंच्या तसं. आपल्याला तेच हवं आहे ना?"

त्याचे म्हणणे खरे होते, आणि म्हणूनच ते नानांना झोंबले. एका बाजूला जगातले एकमेव पुस्तक, अभंग. दुसऱ्या बाजूला उंबऱ्यापाशी उभी असलेली मुलगी. ती काही मागत नव्हती. तिने मागितले असते तर कदाचित त्यांना नाही म्हणता आले असते.

"साहेब, बाकीची मी आपण होऊन दिली. पण पंचनामा झाल्याशिवाय पुस्तक तुमच्या ताब्यात येतं का?"

"नाही. पण तो आता होईलच. पंच कुठे आहेत?"

"तोवर ते माझं आहे," नाना म्हणाले, आणि पुस्तक पूर्ण उघडले. कण्याचा कट्‌ असा आवाज साऱ्या दुकानाने ऐकला. ते पुस्तक त्यांनी सर्वांत जवळच्या माणसाच्या हातात ठेवले. "आत्माराम, वाच. पहिल्यापासून. अन् पुढे दे."

"थांबवा हे," देवस्थळी म्हणाला.

"कोणत्या कलमानं?"

देवस्थळीने नोटीस उघडली. खालपासून वरपर्यंत वाचली. मग म्हणाला, "पंचांना बोलवा. ताबडतोब."

"एक पंच मीच आहे, बोलावणं मलाच आलंय," आत्माराम पान उलटीत म्हणाले. "दुसरे ते रांगेत, मुख्याध्यापक साहेब. आमचं वाचून झालं की सही करू. अर्धवट वाचनावर सही करणं बरं नाही, मी तलाठी होतो, मला ठाऊक आहे."

पुस्तक रांगेतून फिरू लागले. देवस्थळीने फोन लावला, पलीकडून कोणी काहीबाही सांगितले, त्याने तो ठेवून दिला. झिरझिरीत पडदे सुटून आले. हिरव्या रेशमावर घामाचे ठसे उमटले. खंड्याच्या निळ्या चित्रावर तंबाखूचा एक पिवळा थेंब पडला, आणि आत्माराम खरोखर ओशाळून नानांकडे पाहू लागले. नाना या वेळी भिंतीकडे वळले नाहीत. त्यांनी तो थेंब पाहिला, घसा खाकरला आणि म्हणाले, "पुढचं पान."

दुपार कलली तेव्हा पुस्तक सर्वांच्या हातून फिरून शलाकाकडे आले. कोपरे मऊ पडले होते, फुगले होते, आणि चंद्रकोरीचा आता मेघ झाला होता. तिने ते मांडीवर घेतले.

"तू नको," सिंधूताई हळूच म्हणाल्या. "तुझं कशाला त्यात?"

शलाकाने मान हलविली. देवस्थळीच्या डोळ्यांत पाहत तिने बोट जिभेला लावले, चांगले ओले केले आणि आजोबांच्या डागावर टेकवून पान उलटले.

"आता मी पण यात आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे, अन् माझी परवानगी नाही. तरी शोधून पाहा."

देवस्थळीने चकतीची पेटी उघडली आणि पुन्हा मिटली. रांगेतली सारी माणसे त्याच्याकडे पाहत होती. "पुस्तक इकडे द्या," तो म्हणाला. "पंचनामा उरकून घेऊ."

शलाकाचे लक्ष मात्र पानावर गेले होते. तिने मान वर केली नाही. "थांबा साहेब. सुगरण पक्ष्यानं घरटं अर्धंच बांधलंय, अन् मादी बघायला आली आहे. तिला पसंत पडतं की नाही, एवढं कळू द्या."

नानांनी कोपऱ्यातले स्टूल उचलले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि साहेबांच्या पुढ्यात आणून ठेवले. साहेबांना बसणे भागच होते. प्रकरण लांबलचक होते, आणि शलाका सावकाश वाचत होती.